वाचक विचारतात : दोन विमानतळांमधील अंतर आणि प्रवासाचा वेळ

नवी मुंबईचे विमानतळ २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवाशांसाठी सुरू झाले आणि तेव्हापासून ठाणे, ऐरोली, नेरूळ, खारघर या भागांतील वाचकांची विमानप्रवासाविषयीची पत्रे वाढली आहेत. त्यांपैकी चार पत्रांतील प्रश्न एकाच विषयाचे असल्याने या अंकात ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण पुढची उत्तरे त्याच्याच आधाराने दिलेली आहेत.

प्रश्न : मुंबई ते दिल्ली हे हवाई अंतर एका संकेतस्थळावर १,१३७ किलोमीटर, तर दुसऱ्यावर १,१४८ किलोमीटर दिलेले दिसले. उड्डाणाचा वेळ तेथे एक तास पंचावन्न मिनिटे असा होता. माझ्या तिकिटावर मात्र सव्वादोन तास छापलेले होते आणि विमानात बसल्यावर वैमानिकाने केलेल्या घोषणेत एक तास चाळीस मिनिटे सांगण्यात आली. यांतला कोणता आकडा खरा धरायचा?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : आपण दिलेला एकही आकडा खोटा नाही, प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट सांगतो आणि ती कोणती हे सहसा कोणी सांगत नाही, म्हणून गोंधळ होतो.

आधी अंतराचे पाहू. संकेतस्थळांवरचे हवाई अंतर कोणत्याही विमानाने प्रत्यक्ष कापून मोजलेले नसते. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन पृथ्वीच्या पृष्ठभागावरून जाणारी सर्वांत जवळची वाट किती लांबीची होईल, एवढेच गणिताने काढलेले असते. आता पृथ्वी पूर्ण गोल धरली आणि तिची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर मानली, तर एक उत्तर येते. परंतु पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, तर ध्रुवाशी ६,३५७ किलोमीटर भरते. हा चपटेपणा हिशेबात घेतला की उत्तरात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. त्यात एखादे संकेतस्थळ विमानतळाचा अधिकृत संदर्भबिंदू घेते, एखादे शहराच्या मध्यावरचा बिंदू घेते, आणि कोणी उत्तर मैलांत काढून, पूर्णांकात आणून मग त्याचे किलोमीटर करते. दहा-अकरा किलोमीटरची तफावत अशाने सहज येते. व्यवहारासाठी मुंबई–दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर धरावे. तुलनेसाठी सांगायचे तर राजधानी एक्सप्रेस ज्या मार्गाने जाते तो लोहमार्ग १,३८४ किलोमीटरचा आहे.

ज्यांना हे स्वतः पडताळून पाहावेसे वाटते त्यांच्यासाठी एक सोपी रीत देतो. देशांतर्गत प्रवासासाठी ती पुरेशी अचूक आहे. वैमानिक आणि खलाशी ज्या नॉटिकल मैलात अंतर मोजतात तो १.८५२ किलोमीटरचा असतो आणि अक्षांशाच्या एका अंशात असे ६० मैल येतात. म्हणजे उत्तर-दक्षिण दिशेने एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाच्या अंशाची लांबी मात्र विषुववृत्तापासून दूर जावे तशी कमी होत जाते आणि आपल्या २० अक्षांशाच्या आसपास ती साधारण १०४.४ किलोमीटर उरते. आता मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व येथे, तर नागपूरचे २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व येथे आहे. अक्षांशांतला फरक २ अंश, म्हणजे २२२ किलोमीटर. रेखांशांतला फरक ६.१८ अंश, म्हणजे ६४५ किलोमीटर. या दोन काटकोनी बाजू धरून शाळेत शिकलेल्या पायथागोरसच्या प्रमेयाने कर्ण काढला, की ६८२ किलोमीटर हे उत्तर मिळते. संगणकाने काढलेले अंतरही याच्या चार-पाच किलोमीटर इकडेतिकडे असते. आपल्या ठाणे जिल्ह्यातील आमणे येथून नागपूरला जाणारा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, हे लक्षात घेतले तर तो रस्ता किती सरळ आखला आहे याचीही यातून कल्पना येते.

वेळेचे गणित मात्र इतके सरळ नाही. संकेतस्थळ अंतराला ताशी ८०० ते ९०० किलोमीटरच्या दरम्यानच्या एखाद्या ठरावीक वेगाने भागते, चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवते आणि उत्तर छापते. त्याला त्या दिवशीचे वारे माहीत नसतात आणि धावपट्टीवरची रांगही माहीत नसते. वैमानिक सांगतो तो वेळ चाके जमीन सोडतात तेथपासून पुन्हा जमिनीला टेकतात तेथपर्यंतचा असतो. आणि तिकिटावरचा वेळ हा विमान आपल्या जागेवरून हलते त्या क्षणापासून दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी येऊन थांबते त्या क्षणापर्यंतचा. विमान जागचे हलू नये म्हणून चाकांना जे अडथळे लावतात त्या चोकवरून हे मोजमाप ठरते : येथे चोक काढले की वेळ सुरू, तेथे लावले की संपला. विमानवाले यालाच ब्लॉक टाइम म्हणतात.

मुंबई–दिल्लीचे सव्वादोन तास कसे भरतात ते जवळून पाहण्यासारखे आहे. या मार्गावर वापरली जाणारी एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ जातीची विमाने वर गेल्यावर ध्वनीच्या वेगाच्या साधारण ०.७८ पट वेगाने, म्हणजे ताशी सुमारे ८३० किलोमीटरने उडतात. १,१४० किलोमीटरला ८३० ने भागले तर ८२ मिनिटे येतात. पण विमान हा वेग सारा वेळ राखत नाही. चढताना आणि उतरताना ते बरेच हळू असते. शिवाय समुद्राच्या बाजूने उड्डाण केले तर आधी वळून उत्तरेची दिशा धरावी लागते आणि दिल्लीजवळ आल्यावर इतर विमानांच्या मागे रांगेत यावे लागते. यात पंधरा-वीस मिनिटे जातात आणि वैमानिकाने सांगितलेली शंभर मिनिटे पुरी होतात. उरलेला वेळ जमिनीवरचा. छोटा ट्रॅक्टर विमानाला मागे ढकलतो, इंजिने सुरू होतात, मग धावपट्टीच्या टोकापर्यंतची संथ चाल आणि तेथे आपला क्रमांक येईपर्यंतचे थांबणे. दिल्लीत उतरल्यावर पुन्हा तशीच चाल करावी लागते. मुंबईच्या जुन्या विमानतळाला धावपट्ट्या दोन असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात आणि एका वेळी सर्वसाधारणपणे एकच वापरता येते. एवढ्या वर्दळीच्या विमानतळावर त्याचा भार प्रत्येक उड्डाणावर पडतो. मुंबईला परत येताना विमान कधी कधी आकाशात लंबगोल घिरट्या घालत राहते, त्याचे कारणही बहुधा हेच असते.

वेळापत्रक आखताना विमान कंपन्या या सगळ्या खोळंब्यासाठी काही मिनिटे राखून ठेवतात. काही प्रवाशांना ही लबाडी वाटते. ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत पोहोचलेले विमान वक्तशीर समजण्याची पद्धत आहे, आणि हात राखून वेळ छापला की वक्तशीरपणाचा आकडा चांगला दिसतो, ही गोष्ट खरीच आहे. तरीसुद्धा प्रवाशाच्या दृष्टीने तिकिटावरचा वेळच उपयोगाचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढची गाडी किंवा पुढचे विमान पकडायचे असेल, कोणाला न्यायला येण्यास सांगायचे असेल, तर तिकिटावरचाच वेळ धरावा आणि त्यात सामान मिळण्यासाठी निदान अर्धा तास मिळवावा.

प्रश्न : आम्ही दुबईला मुलाकडे गेलो होतो. जाताना विमान सकाळी दहाला निघून पावणेबाराला पोहोचले. परतीचे विमानही दहालाच निघाले, पण मुंबईला दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी आले. दोन्ही वेळा थेट विमान होते. मग जाताना पावणेदोन तास आणि येताना चार तास वीस मिनिटे, हे कसे?
— एक ज्येष्ठ वाचक, नेरूळ

उत्तर : दुबईचे घड्याळ आपल्या घड्याळापेक्षा दीड तास मागे असते आणि तिकिटावर सुटण्याची व पोहोचण्याची वेळ त्या त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे छापतात. आपण जाताना पावणेबाराला उतरलात तेव्हा नेरूळच्या घरातल्या घड्याळात सव्वा वाजला होता. म्हणजे प्रवास सव्वातीन तासांचा झाला. परतताना दुबईत दहा वाजले होते तेव्हा येथे साडेअकरा झाले होते, त्यामुळे तो प्रवास दोन तास पन्नास मिनिटांचा झाला. एक युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. जाण्याचे आणि येण्याचे घड्याळी तास एकत्र मिळवले की घड्याळांतला फरक आपोआप कटतो. आपले पावणेदोन तास आणि चार तास वीस मिनिटे मिळून सहा तास पाच मिनिटे होतात, आणि खरा प्रवासही जाऊन-येऊन तेवढाच आहे. कोणत्याही देशाच्या तिकिटांना ही रीत चालते, फक्त मधल्या काळात त्या देशाची घड्याळे पुढे-मागे केलेली नसावीत आणि तारीख बदलत असेल तर ती ध्यानात घ्यावी.

आता आपण विचारलेले नसले तरी एक प्रश्न उरतोच. सव्वातीन तास आणि दोन तास पन्नास मिनिटे यांत पंचवीस मिनिटांचा फरक का पडावा? मुंबई–दुबई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर आहे आणि ते दोन्ही बाजूंनी तेवढेच राहते. फरक वाऱ्यामुळे पडतो. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर आपल्या अक्षांशांत आणि त्यांच्या उत्तरेला वर्षाचा बराच काळ वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. हिवाळ्यात उत्तर भारतावर तर त्यांचा झोत फारच जोरदार असतो. विमानाचा ताशी ८३० किलोमीटर हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो. ताशी ८० किलोमीटरचा वारा समोरून आला तर जमिनीच्या हिशेबाने तो वेग ७५० होतो आणि पाठीमागून आला तर ९१०. एवढ्या फरकाने १,९३० किलोमीटरला दोन तास चौतीस मिनिटे किंवा दोन तास सात मिनिटे लागतात. आपली पंचवीस मिनिटे तेथे गेली. मुंबई–कोलकाता प्रवासातही हे दिसते. जाताना वेळ कमी आणि परतताना जास्त लागतो. मुंबई–दिल्ली मार्ग बराचसा दक्षिणोत्तर असल्याने वारा बाजूने लागतो आणि फरक थोडाच जाणवतो.

वारा किती महत्त्वाचा असतो याचे एक उदाहरण मला फार आवडते. एअर इंडियाचे दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान पूर्वी युरोप आणि अटलांटिकवरून, सुमारे १३,९०० किलोमीटरच्या मार्गाने जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ते पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून नेले. तो मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे १,४०० किलोमीटरने लांब होता. पण सगळी वाट वारा पाठीशी असल्याने विमान साडेचौदा तासांत पोहोचले, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर. अंतर पाहून वेळेचा अंदाज बांधणाऱ्या कोणीही हे उदाहरण जवळ ठेवावे.

प्रश्न : मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही न्यू जर्सीतील नेवार्कला थेट विमानाने गेलो. समोरच्या पडद्यावरील नकाशात विमान सरळ पश्चिमेला न जाता वर रशियाकडे, मग पार आइसलँडकडे गेलेले दिसले. एवढा वळसा कशासाठी? त्यात इंधन आणि वेळ वाया जात नाही का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : तो वळसा नव्हता, जवळची वाट तीच होती. वळसा दिसतो तो सपाट नकाशामुळे. आपल्या डोळ्यांना सवयीचा जगाचा नकाशा ज्या पद्धतीने काढतात ती मर्केटर या नकाशाकाराने १५६९ मध्ये जहाजांच्या सोयीसाठी तयार केली. होकायंत्रावर एकच दिशा धरून चालणाऱ्या जहाजाचा मार्ग तिच्यात सरळ रेषेने दाखवता येतो. पण त्यासाठी ध्रुवांकडचा प्रदेश ताणून मोठा करावा लागतो. त्या नकाशावर मुंबई आणि नेवार्क पट्टीने जोडली, तर रेघ अरबस्तान, इजिप्त, सहारा आणि अटलांटिकवरून जाते आणि ती डोळ्यांना जवळची भासते.

घरात पृथ्वीगोल असेल तर त्यावर एक दोरा मुंबईवर धरून नेवार्कपर्यंत ताणावा. दोरा ताठ झाला की तो आपोआप उत्तरेकडे सरकतो. भूगोलाच्या पुस्तकात ज्याला बृहद्वृत्त म्हटले आहे त्याच्यावर तो जाऊन बसतो. गणिताने पाहिले तर ही वाट सुमारे १२,५५० किलोमीटरची आहे. ती रशिया आणि स्कँडिनेव्हियावरून जाते, आइसलँडच्या आसपास ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत पोहोचते आणि तेथून ग्रीनलँडचे दक्षिण टोक गाठत अमेरिकेकडे उतरते. नकाशावरच्या सरळ रेघेने गेले असते तर हेच अंतर सुमारे १४,२५० किलोमीटर भरले असते. म्हणजे आपल्याला वळसा वाटलेल्या मार्गाने १,७०० किलोमीटर वाचवले. मोठ्या विमानाच्या वेगाने ते जवळजवळ दोन तास होतात.

विमान या रेषेवरून तंतोतंत मात्र कधीच जात नाही. त्या दिवशीचे वारे पाहून मार्ग खाली-वर सरकवतात आणि जे देश आपले आकाश बंद ठेवतात त्यांना टाळून जावे लागते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर रशियाने अनेक पाश्चात्त्य कंपन्यांना आपले आकाश बंद केले. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. याचा फटका दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना विशेष बसला. कित्येक मार्ग दक्षिणेकडे वळवावे लागले आणि प्रवास लांबले. मुंबईहून आखातात जाणारी विमाने मुळातच अरबी समुद्रावरून जातात, त्यामुळे त्यांना त्याची झळ फारशी लागली नाही. एकाच गावी जाणाऱ्या दोन कंपन्यांच्या वेळेत तास-दीड तासाचा फरक दिसला, तर कोणत्या कंपनीला कोणते आकाश खुले आहे हे एक कारण असू शकते.

प्रश्न : ठाण्याहून दिल्ली, नागपूर किंवा दुबईला जाण्यासाठी नवी मुंबईचे विमानतळ धरले तर हवाई अंतरात आणि वेळेत किती बचत होते?
— एक वाचक, कळवा

उत्तर : हवेत काहीच नाही म्हटले तरी चालेल. दोन्ही विमानतळांमध्ये सरळ रेषेत २४ किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. दिल्लीसाठी दोन्हींपासूनचा फरक दोन-तीन किलोमीटरचा पडतो. नागपूर नवी मुंबईहून सुमारे १६ किलोमीटर जवळ पडते आणि दुबई वीस-पंचवीस किलोमीटर लांब. विमानाला हे अंतर कापायला एक-दोन मिनिटे लागतात, आणि तेवढी मिनिटे धावपट्टीच्या टोकाशी थांबण्यातही जातात.

खरा फरक घरापासून विमानतळापर्यंतच्या रस्त्यात आहे. कळवा, ऐरोली, घणसोली येथून ठाणे–बेलापूर रस्त्याने उलव्याकडे, म्हणजे नव्या विमानतळाकडे जाणे सोपे पडेल. घोडबंदर, वर्तकनगर किंवा नौपाड्यातल्या प्रवाशाला अंतराने अजूनही अंधेरी-सहारचे जुने विमानतळच जवळ आहे. मात्र पूर्व द्रुतगती मार्ग आणि जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्ता संध्याकाळी तुंबलेला असतो, तेव्हा लांबचे विमानतळ लवकर गाठता येईल, असेही होऊ शकते. म्हणून किलोमीटर मोजत न बसता, ज्या वाराला आणि ज्या वेळी निघायचे आहे त्याच वाराला, त्याच वेळी आधीच्या आठवड्यात मोबाइलवरील नकाशात दोन्ही रस्त्यांचा वेळ पाहून ठेवावा.

तिकीट काढताना विमानतळाची तीन अक्षरे अवश्य वाचावीत : जुन्या मुंबई विमानतळाला बीओएम, नव्याला एनएमआय. शोधताना फक्त ‘मुंबई’ लिहिले तर दोन्हींची उड्डाणे एकत्र दिसू शकतात. जाण्याचे तिकीट एकाचे आणि परतीचे दुसऱ्याचे निघाले, तर वाहनतळावर ठेवलेली गाडी भलत्याच ठिकाणी राहते. आणि एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचे विमान घ्यायचे असेल, दोन्ही तिकिटे वेगवेगळी काढलेली असतील, तर सामान ताब्यात घेणे, शहरातून रस्त्याने जाणे आणि पुन्हा चेक-इन करणे हे सारे धरून मध्ये निदान पाच तास ठेवावेत. पावसाळ्यात आणखी एक तास ठेवावा.